नाटकात राजकारण नको म्हणे!

"नाटकात राजकारण कित्याक व्हया? लोकां चार घटका करमणूक करूक येतत."

यंदाच्या जत्रांच्या हंगामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. बाजारात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि आमच्याच नात्यातल्या एका काकांच्या तोंडूनही ऐकलं. (काका हा ब्लॉग वाचतात. काका, आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.) म्हणणारी माणसं वाईट नाहीत, त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण हे वाक्य मला साफ खोटं वाटतं. नुसतं खोटं नाही, तर ते ज्याच्या फायद्याचं आहे त्याचं नाव ते लपवून ठेवतं. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

पहिली गोष्ट. हे वाक्य सिंधुदुर्गात बसून म्हणायचं म्हणजे जरा कमालच आहे. मालवणात नाट्यगृह आहे, त्याला नाव आहे मामा वरेरकरांचं. कोण हे वरेरकर? 'हाच मुलाचा बाप' लिहून हुंड्यावर तुटून पडलेले. 'सत्तेचे गुलाम' लिहिणारे. 'सोन्याचा कळस'मध्ये गिरणी मालक आणि गिरणी कामगार यांना रंगमंचावर समोरासमोर आणणारे. पुढे राज्यसभेवरही गेले. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर नाटकात राजकारणच केलं, त्याच्या नावाच्या पाटीखालून आत जायचं, खुर्चीवर टेकायचं आणि म्हणायचं, नाटकात राजकारण नको!

बरं, वरेरकर सामाजिक नाटकवाले म्हणून सोडून द्या. "आमचा आपला पौराणिक बरा, त्यात काय राजकारण नसता," असंही म्हणणारे आहेत. त्यांनी 'कीचकवध' आठवावा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली महाभारतातलं एक आख्यान जसंच्या तसं घेतलं. विराटाचा दरबार, सैरंध्री झालेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक. त्यात इंग्रज सरकारचं नाव एकदाही नव्हतं. पण बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे आपला देश, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि दात ओठ खाणारा भीम म्हणजे जहाल. सरकारलाही ते कळलं, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. आता सांगा, महाभारतात राजकारण नाही?

आणि आपल्या दशावताराचं काय? आख्यान सुरू होण्याआधीचा आडदशावतार आठवा. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, मोरावर बसून सरस्वती येते. आणि मग येतो तो काळ्या कपड्यातला, लांब जीभ काढलेला संकासुर. पोथीप्रमाणे तो वेद चोरणारा राक्षस, विष्णू त्याला मारणार हे ठरलेलं. पण मरेपर्यंतचा वेळ त्याचा असतो! देव बोलतात पुस्तकी मराठी, राजे बोलतात त्याहून जड मराठी. संकासुर मात्र बोलतो मालवणी. म्हणजे आख्ख्या रंगपटात प्रेक्षकांची भाषा बोलणारा हा एकटाच, आणि तो राक्षस! तो भटजीची टिंगल करतो, गावच्या रस्त्यावर बोलतो, सरपंचावर बोलतो, पुढच्या रांगेत बसलेल्या मानकऱ्याला चिमटा काढतो. आणि मानकरी हसतो, कारण वर्षातून त्या एका रात्री हसायचंच असतं.

हे राजकारण नाही तर काय आहे? कोण कुठल्या भाषेत बोलतो, कोण कोणाला हसू शकतो, कोण पुढे बसतो आणि कोण मागे उभा राहतो, हे सगळं राजकारणच आहे. गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण' लिहिलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते १९८० पासून जगभर नेलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. आपण ते हसून हसून बघितलं. पण त्याच्या पोटात काय होतं? राजेशाही मराठी ज्यांच्या जिभेवर बसत नाही अशा गावच्या माणसांनी महाभारत आपल्या भाषेत ओढून आणलं आणि मुंबईच्या नाट्यगृहांत ताठ मानेनं उभं केलं. तोपर्यंत मराठी नाटकातली मालवणी म्हणजे घरगड्याची आणि रामा गड्याची भाषा. 'वस्त्रहरण'मध्ये एकही घोषणा नाही, तरी त्या नाटकानं मालवणी माणसाला जी पत मिळवून दिली ती कित्येक भाषणांनी मिळाली नसती.

म्हणजे माझा मुद्दा असा, की राजकारण नसलेलं नाटक नसतंच. प्रश्न एवढाच असतो की कोणाचं राजकारण आम्हाला दिसतं आणि कोणाचं इतकं सवयीचं झालंय की ते दिसेनासं झालंय.

आता जरा लांब जाऊ. पण वाट मात्र कुडाळहूनच निघते.

आरती प्रभू, म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर. जन्म १९३० चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईचा. या माणसानं इथे कुडाळात खानावळ चालवली. गिऱ्हाइकांना जेवण वाढता वाढता कविता लिहिल्या, पुढे मुंबईला गेले, आकाशवाणीत नोकरी केली, नाटकं लिहिली आणि १९७६ साली वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. कुडाळकर म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान वगैरे असतोच. पण त्यांच्या एका कामाबद्दल इथे फारसं कोणी बोलत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ब्रेख्तच्या एका नाटकाचं मराठी रूप केलं, 'अजब न्याय वर्तुळाचा'. दिग्दर्शन विजया मेहतांचं, आणि त्यांच्याबरोबर होता फ्रिट्झ बेनेविट्झ नावाचा जर्मन दिग्दर्शक. हा बेनेविट्झ पूर्व जर्मनीतल्या वायमारचा. म्हणजे तेव्हा जे राष्ट्र दोन तुकड्यांत विभागलेलं होतं आणि ज्याच्या मधोमध काँक्रीटची भिंत होती, त्याच्या कम्युनिस्ट अर्ध्या भागातला. आपल्या कुडाळच्या कवीचं मराठी नाटक पुढे त्या देशातही जाऊन आलं.

मूळ नाटकाची गोष्ट साधी आहे. बंडाळीत राजवाड्यातली बाई पळून जाते, जाताना कपडेलत्ते आठवणीनं घेते आणि पोटचं पोर विसरते. ग्रुशा नावाची मोलकरीण ते पोर उचलते, उपाशी राहून वाढवते. शांतता झाल्यावर आई मुलावर हक्क सांगायला येते, कारण मुलाबरोबर इस्टेट येते. न्यायाधीश अझ्दक, जो मुळात गावातला एक उडाणटप्पू लेखनिक, खडूनं वर्तुळ काढतो, मुलाला मध्ये उभं करतो आणि दोघींना म्हणतो ओढा. आई ओढते. ग्रुशा हात सोडते, कारण पोराचा हात उखडेल. जुन्या चिनी गोष्टीत मूल जन्मदात्रीला मिळतं. ब्रेख्तनं ते उलटं केलं, इथे मूल वाढवणारीला मिळतं.

आणि ही गोष्ट सांगायचं निमित्त काय, तर जमीन! नाटकाच्या सुरुवातीला दोन सामुदायिक शेतांची माणसं एका खोऱ्यावरून भांडतायत. एकांची ती वडिलोपार्जित चराऊ जमीन, दुसऱ्यांना तिथे पाणी आणून फळबागा करायच्यात. खोरं शेवटी राबणाऱ्यांकडे जातं. कोकणातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला हवं का? ब्रेख्तनं हे १९४४ साली लिहिलं. आपल्याकडे कूळकायदा आला १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसेल त्याची जमीन! आमच्या कित्येक घरांत दोन पिढ्या ज्या शब्दांवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या, तोच शब्द तिकडे एक जर्मन माणूस नाटकात लिहीत होता. (आमच्या नातेवाईकांत त्या खटल्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं आहेत, तेव्हा इथे जास्त खोलात शिरत नाही!)

आता बघा त्या दुभंगलेल्या देशाच्या दोन अर्ध्यांनी या नाटकवाल्याचं काय केलं.

पूर्वेकडे ब्रेख्तला स्वतःची नाटकमंडळी मिळाली, थिएटर मिळालं, पैसा मिळाला. त्या एवढ्याशा देशात सरकारी अनुदानावर चालणारी साठाहून अधिक नाट्यगृहं होती. आपल्या कुठल्याही नाटकवाल्याला हेवा वाटावा अशी चैन. सेन्सॉरशिप? कागदोपत्री अजिबात नव्हती. नुसतं विचारलं जायचं, की हे नाटक आत्ताच का करताय? या पात्राचं नाव बदलता येईल का? १९५३ च्या जूनमध्ये तिथल्या कामगारांनी बंड केलं आणि रणगाड्यांनी ते मोडलं. ब्रेख्तनं पक्षाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. पक्षाच्या वर्तमानपत्रानं त्यातला फक्त शेवटचा, पाठिंब्याचा भाग छापला, बाकीचं गाळलं.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये भिंत उभी राहिली. सप्टेंबरच्या शेवटी हायनर म्युलर नावाच्या लेखकाचं एक नाटक अर्थशास्त्राच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी बसवलं. हौशी नट, आपल्या एकांकिका स्पर्धेत असतात तसे. विषय काय? खेड्यातलं जगणं, जमीनवाटप, निर्वासित म्हणून गावात आलेली एक बाई, आणि वरून आलेल्या हुकमानं शेतकऱ्यांच्या डोक्यावर बसलेली सामुदायिक शेती. लेखक स्वतः त्याच व्यवस्थेवर विश्वास असलेला, शत्रू वगैरे नव्हे. पण पहिल्या प्रयोगानंतर लगेच बंदी. म्युलरला लेखक संघातून काढलं. दिग्दर्शक बी. के. ट्रागेलेन याला शिक्षा म्हणून कुठे पाठवलं माहितीय? कोळशाच्या खाणीत कामाला. नाटकात कामं केलेल्या विद्यार्थ्यांना आपण चुकलो असं जाहीर कबूल करायला लावलं. पंधरा वर्षांनी, १९७६ साली, तेच नाटक 'शेतकरी' अशा साध्या नावानं बर्लिनच्या मोठ्या थिएटरात झालं. तोवर ती कॉलेजातली पोरं चाळिशीकडे पोचली असतील.

मग पश्चिमेकडे सगळं छान होतं का? तिकडे कायद्यानं स्वातंत्र्य होतं, आणि ते खरंही होतं. १९६३ साली पश्चिम बर्लिनमध्ये रॉल्फ होखहुटनं ज्यूंच्या हत्याकांडाच्या वेळी पोप गप्प का बसले असा प्रश्न रंगमंचावरून विचारला. गदारोळ झाला, पण नाटक झालं. तरीही १९५३ नंतर आणि पुन्हा भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेकडच्या अनेक नाट्यगृहांनी ब्रेख्त आपणहून बंद केला. सरकारचा हुकूम नव्हता. लोक काय म्हणतील, पेपरवाले काय लिहितील, नगरपालिका अनुदानाचं काय करेल, एवढं पुरलं. ज्यांनी केला त्यांच्यातल्या पुष्कळांनी जमिनीवरून भांडणाचा तो पहिला भाग कापून टाकला. म्हणजे आई आणि बाळाची गोड गोष्ट राहिली, आणि ती ज्यासाठी सांगितली होती ते गेलं. म्हणे नाटकात राजकारण नको!

दोन्हीकडची बंधनं सारखी होती असं मी म्हणत नाही. खाणीत पाठवणं आणि अनुदानाच्या भीतीनं नाटक न करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो विसरणं म्हणजे त्या ट्रागेलेनचा अपमान. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. कात्री चालवणारा कधीच म्हणत नव्हता की मला अमुक विचार नको आहे. तो म्हणायचा, ही वेळ नाही. किंवा, लोकांना हे आवडणार नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे भिंत नाही. पण विभागणी आहे की नाही? एकाच घरात दोन पक्षांचे झेंडे हे आम्हाला नवीन नव्हतं. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या दोन पक्षांचे चार झाले, त्यानंतर तर भावाभावांनी गणपतीच्या आरतीला कुणी आधी यायचं हे ठरवून घ्यायची वेळ आली. कोण कुठल्या दुकानात सामान घेतो, कोण कोणाच्या मयताला जातो, यातही रंग शोधले जातात. अशा वेळी "निदान नाटकात तरी नको" असं वाटणं मी समजू शकतो. खरंच समजू शकतो.

पण मग जत्रेच्या मांडवात वर मान करून बघा! कमानीवर फोटो कोणाचे? रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना कोणाचे हात जोडलेले? रात्री एक वाजता आख्यान ऐन रंगात आलेलं असताना पेटी-मृदंग थांबवून सत्कार कोणाचा होतो? तलवार उपसलेला राजा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम संपेपर्यंत बाजूला घाम पुसत उभा राहतो. तेव्हा कोणी म्हणत नाही, नाटकात राजकारण कित्याक व्हया. बॅनरवरचं राजकारण म्हणजे सौजन्य आणि संकासुराच्या तोंडातलं राजकारण म्हणजे आगाऊपणा, असा हा हिशोब आहे.

हे हवेत बोलत नाही. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी यंदा एक एकांकिका बसवली. शेताच्या कडेनं डंपर जायला लागल्यावर एका घरात काय होतं, एवढीच गोष्ट. एकही पक्ष नाही, कोणाचं नाव नाही. एका गावच्या महोत्सवात प्रयोग ठरला होता. आठवडाभर आधी निरोप आला, की नाटक चांगलं आहे, फक्त तो साहेबांचा प्रवेश तेवढा काढा, कारण यंदाचा मांडव आणि लाइट दुसऱ्या कोणाकडून आलाय. पोरांनी विचारलं, त्या प्रवेशात काय चुकीचं आहे? उत्तर मिळालं, चुकीचा काय नाय रे, पण ही वेळ न्हय. पोरांनी प्रवेश काढला नाही, त्यांची वेळ ऑर्केस्ट्राला गेली. नंतर त्यांनी एका मित्राच्या खळ्यात प्रयोग केला, शंभरेक माणसं आली, दोन म्हाताऱ्या बायका रडल्या. पण तालमीला येणाऱ्या बारा जणांपैकी तिघांच्या घरून पुढच्या वर्षी नको म्हणून सांगितलंय. माझ्या दृष्टीनं खरं नुकसान ते आहे. एक प्रयोग गेला तर दुसरा करता येतो. वीस वर्षांच्या पोरांनी स्वतःच शिकून घेतलं की काय लिहायचं नाही, की मग कात्रीची गरजच उरत नाही.

आणि कात्री आपल्याकडे सरकारीही आहे बरं का. इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आपण रद्द केला तो २०१७ च्या रद्दबातल कायद्यानं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. पण महाराष्ट्रात संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवण्याची पद्धत वेगळी आहे. अमोल पालेकरांनी २०१६ साली तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंग याच मंडळाशी कोर्टात लढले आणि जिंकले. पण कोर्टात जिंकल्यावर काय? रस्त्यावरचे विरोधक आलेच. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरमध्ये आलं, आणि थोड्याच प्रयोगांनी ते थांबवलं ते सरकारनं नव्हे, ज्या संस्थेनं केलं होतं त्याच संस्थेच्या वरिष्ठांनी. मग त्या कलावंतांना थिएटर अकॅडमी अशी नवी संस्था काढावी लागली.

गंमत म्हणजे दशावताराला संहिताच नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण काय करणार ते सांगितलं जातं, आणि बाकी सगळं उभ्याउभ्या. त्यामुळे मंडळानं तपासायचं तरी काय? शेकडो वर्षं हा खेळ कुठल्याही कात्रीच्या बाहेर राहिला तो याच कारणानं. आता मात्र त्याला नवीन कात्री सापडलीय, तिचं नाव सुपारी. ज्याच्याकडून सुपारी येते त्याच्यावर संकासुर बोलत नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी आडदशावतारच उरकून घेतात, कारण लोकांना ट्रिकसीन बघायचे असतात म्हणे. म्हणजे नाग उडणार, आग लागणार, देवी प्रकट होणार, पण भटजीला आणि सरपंचाला हसणारा तेवढा पाच मिनिटांत मरणार. नटांना मी दोष देत नाही. हंगामात रोज वेगळ्या गावात रात्र जागवायची, पेटारे उचलायचे, पहाटे दहीकाला करून पुढच्या गावाला निघायचं आणि पावसाळ्यात काय खायचं याची चिंता करायची, अशा माणसाला धैर्याचे धडे देणारा मी कोण? दोष आपला, फुकट बघणाऱ्यांचा.

आता विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. राजकीय नाटकं पुष्कळदा भयंकर कंटाळवाणी असतात. पूर्व जर्मनीतसुद्धा ट्रॅक्टर आणि आदर्श कामगार यांच्यावर ढिगानं नाटकं झाली, आज त्यांची नावंही कोणी घेत नाही. आपल्याकडे स्पर्धांतही शेवटच्या पाच मिनिटांत पुढे येऊन प्रेक्षकांवर ओरडणारी एकांकिका दर वर्षी असते. आणि ज्यांना स्वतःला पुरोगामी म्हणवून घ्यायला आवडतं (मीही त्यातलाच) ते पुण्या-मुंबईच्या थिएटरात आपल्याच मताच्या चारशे लोकांसमोर आपलीच मतं म्हणून टाळ्या घेतात. हेही राजाचं स्तुतिगानच, फक्त इथे राजा प्रेक्षक असतो. नाटकानं ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच चिमटा काढायला हवा. संकासुराची रीत तीच आहे. तो पुढच्या रांगेतल्या माणसाला बोलतो, शेजारच्या गावातल्या माणसाला नाही.

म्हणून "भाषण नको" हे मला शंभर टक्के मान्य आणि "राजकारण नको" हे शून्य टक्के. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'दशावतार' सिनेमा आला. आपल्याकडची लाल माती, दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री, आणि गोष्ट खाणीची. इथली माणसं तो बघायला झुंडीनं गेली. तेव्हा मला कुणी म्हणालं नाही की सिनेमात राजकारण कशाला. मुंबईहून पडद्यावर आलं की कला, आणि आपल्या गावच्या पोरांनी मांडवात केलं की राजकारण, असं का?

दुसरं म्हणणं असं, की आधीच माणसं तुटलीत, नाटकानं आणखी तोडायचं का? याला माझं उत्तर त्याच जर्मनीतून. १९६५ च्या १९ ऑक्टोबरला पेटर वाइस याचं आउशविट्झच्या खटल्यावरचं नाटक दोन्ही जर्मनींतल्या डझनाहून अधिक नाट्यगृहांत एकाच दिवशी झालं. भिंत होऊन चार वर्षं झालेली, इकडचा माणूस तिकडे जाऊ शकत नव्हता. पण त्या रात्री दोन्हीकडचे लोक आपल्याच बापजाद्यांनी काय केलं ते ऐकत बसले होते. ज्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलेलं, त्यावर एकत्र बसून ऐकलं. आणि १९८९ च्या ४ नोव्हेंबरला पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झवर लाखो माणसं जमली, ती सभा कुठल्या पक्षानं नव्हे, तिथल्या नाटकवाल्यांनी बोलावली होती. मागणी काय, तर त्यांच्या घटनेत जे बोलण्याचं आणि जमण्याचं स्वातंत्र्य लिहिलंय ते खरोखर द्या. पाच दिवसांनी भिंत उघडली. नाटकामुळे भिंत पडली असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण जिथे पेपर खोटं छापत होते तिथे खरं ऐकायला लोक इतकी वर्षं नाटकाला जात होते, म्हणून त्या दिवशी नाटकवाल्यांनी हाक मारल्यावर ते आले.

दुसऱ्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, आपला मराठी रंगभूमी दिन असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तो दिवस. दर वर्षी नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, कोणातरी मान्यवराचं भाषण होतं. पुढच्या ५ नोव्हेंबरला त्याऐवजी किंवा त्याबरोबर आपल्याला काही करता येईल का? मला सुचतं ते सांगतो.

जत्रेत आणि महोत्सवात बॅनर लावायचे तर मांडवाच्या बाहेर लावा, रंगमंचावर आणि कमानीवर नको. सत्कार खेळ सुरू होण्याआधी उरका, आख्यान एकदा सुरू झालं की ते कोणासाठीही थांबू नये, पाहुणा केवढाही मोठा असो. आडदशावतार पुरा होऊ द्या, आणि गावानंच मंडळाला सांगा की संकासुराला मोकळीक आहे, तो ज्याच्यावर बोलेल त्यानं हसायचं. सगळा खर्च एका खिशातून घेऊ नका. दीडशे घरांनी शंभर-शंभर रुपये काढले तर पंधरा हजार होतात, हौशी पोरांच्या एका प्रयोगाचा मांडव आणि लाइट तेवढ्यात भागतो, आणि मग एकट्या कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. आणि परिनिरीक्षण मंडळाचं काय करायचं ते कोर्टानं आणि विधानसभेनं बघावं, पण आपण निदान मागणी तरी करू की प्रयोगाआधी संहिता दाखवण्याची सक्ती जावी.

यातलं पहिलं आणि दुसरं करायला पैसे लागत नाहीत, कायदाही लागत नाही. गावच्या बैठकीत एकानं उठून बोलायला लागतं, एवढंच. आमच्या वाडीच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या गावात असं काही आधीच ठरलं असेल तर जरूर कळवा, म्हणजे मला तिथलं उदाहरण देता येईल. आणि ज्यांना हे सगळं चुकीचं वाटतं त्यांनीही लिहा, फक्त "ही वेळ न्हय" एवढं सोडून दुसरं काहीतरी कारण द्या.